जुन्या घाटाचा कॅमेरा आणि उसना भूतकाळ

प्रतीक्षा हा मराठी साहित्याचा जुना विषय आहे. विराण्यांतली विरहिणी वाट पाहते, आषाढीची वाट वारकरी पाहतो आणि पावसाची वाट मराठवाड्यातला शेतकरी तर पिढ्यानपिढ्या पाहत आला आहे. अलीकडे मात्र छत्रपती संभाजीनगरातील वाचत्या-लिहित्या तरुण मंडळींत आम्हांस एक निराळीच प्रतीक्षा आढळते. ही मंडळी एका कॅमेऱ्याची वाट पाहत आहेत. तो कॅमेरा आला की आपण शहराच्या दरवाजांची मालिका करू, गुलमंडीच्या गल्ल्या टिपू, आजोळच्या पडक्या वाड्यावर एक दृश्यनिबंध लिहू असे संकल्प सोडलेले आहेत. संकल्प चांगले आहेत. कॅमेरा यायचा आहे एवढीच अडचण आहे.

या प्रतीक्षेविरुद्ध आमची तक्रार आहे आणि ती केवळ पैशांच्या उधळपट्टीची नव्हे. ज्याची वाट पाहिली जात आहे ते यंत्र भूतकाळाचे रूप घेऊन येते, आणि त्या रूपाच्या मोहात आपण आपल्या वर्तमानाचे व्याकरण बिघडवून घेत आहोत असे आमचे म्हणणे आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी ते तपासून पाहावे.

आधी वस्तुस्थिती. फुजीफिल्म या जपानी कंपनीने सप्टेंबर २०१० मध्ये जर्मनीतील कलोन शहरी फोटोकिना प्रदर्शनाच्या वेळी 'एक्स१००' नावाचा कॅमेरा जाहीर केला. आतून तो पूर्ण डिजिटल. बाहेरून मात्र पन्नासएक वर्षांपूर्वीच्या रेंजफाइंडर कॅमेऱ्याचा अवतार. माथ्यावर शटरच्या वेगाची धातूची चकती, भिंगाभोवती अ‍ॅपर्चरचे कडे, अंगावर काळ्या चामड्यासारखे आवरण, आणि मुख्य म्हणजे न बदलता येणारे एकच भिंग. हे भिंग २३ मिलिमीटरचे. फिल्मच्या जुन्या हिशेबाने ३५ मिलिमीटरचे. मार्च २०११ मध्ये तो बाजारात येतो न येतो तोच ११ मार्चच्या भूकंपाने सेन्दाईजवळचा कारखाना थांबला, आणि प्रतीक्षा हा या कॅमेऱ्याच्या चरित्राचा भाग पहिल्या आवृत्तीपासूनच होऊन बसला. पुढे २०१३, २०१४, २०१७ व २०२० साली सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या. २०२० ची आवृत्ती २०२२ नंतर समाजमाध्यमांवर अशी गाजली की दुकानांत ती मिळेनाशी झाली आणि वापरलेल्या कॅमेऱ्याला नव्याहून अधिक किंमत येऊ लागली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सहावी आवृत्ती आली; भारतात तिची किंमत तेव्हा सुमारे एक लाख साठ हजार रुपये होती. कंपनीच्या स्थापनेचे साल १९३४, म्हणून तिचे १,९३४ विशेष नगही काढण्यात आले. त्या आवृत्तीसाठीही जगभर रांगा लागल्या. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या आमच्या एखाद्या अध्यापक मित्राने हा कॅमेरा घ्यायचा म्हटला तर त्याचे कित्येक महिन्यांचे मानधन त्यात जाईल.

या कॅमेऱ्याच्या बाजूने जे बोलले जाते त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. एकच भिंग असले की माणसाला पायांनी जवळ जावे लागते. दुरून ओढून आणलेल्या दृश्याचा आळस चालत नाही. चकत्या हाताला लागतात, त्यामुळे प्रकाश म्हणजे काय आणि वेग म्हणजे काय हे बोटांना कळते. मर्यादेतून शिस्त येते हे छंदात लिहिणाऱ्या कोणत्याही कवीला सांगावे लागत नाही. अभंगाची चौकट तुकोबांना आड आली नाही.

परंतु मर्यादा दोन प्रकारच्या असतात. एक परिस्थितीने घातलेली आणि दुसरी विकत घेतलेली. आपल्याकडे आगफा कंपनीचा 'क्लिक-३' हा भारतात बनणारा पेटीवजा कॅमेरा एके काळी घरोघरच्या सहलींत दिसे. घरोघरच्या म्हणजे अर्थातच ज्यांना सहली परवडत त्यांच्या. त्यालाही एकच भिंग होते. ऊन की ढग एवढेच त्याला विचारता येई आणि एका रोलवर बारा फोटो निघत. तेराव्या फोटोसाठी पुन्हा पैसे मोजावे लागत. या मर्यादेला कोणी सौंदर्यशास्त्र म्हणत नसे. तेराव्यांदा बटण दाबण्याआधी कुटुंबप्रमुख थांबून विचार करी तो खिशाकडे पाहून. आज सहावी आवृत्ती चार कोटी बिंदूंचे चित्र हव्या तितक्या वेळा फुकट काढू देते आणि वर एक भिंग देऊन शिस्तीचा आव आणते. बरे, एकाच भिंगाची शिस्त हवी तर ती आपल्या खिशातल्या मोबाइलवरही पाळता येते. दोन बोटांनी दृश्य मोठे न करण्याचा निश्चय तेवढा हवा. निश्चयाला पैसे पडत नाहीत, आणि कदाचित म्हणूनच तो कोणी करीत नाही.

आता ज्या 'जुन्या छायाचित्रकारां'चे नाव घेऊन ही भक्ती चालते त्यांच्याकडे वळू. यासाठी आपल्या जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. मद्रास लष्करातील अधिकारी रॉबर्ट गिल याला ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामी नेमले. त्याने वर्षानुवर्षे खपून केलेल्या तैलचित्रांपैकी बहुतेक डिसेंबर १८६६ मध्ये लंडनजवळच्या सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळून गेली. नामदेव धोंडो महानोरांच्या 'अजिंठा' या दीर्घकाव्यामुळे गिल आणि पारो ही नावे मराठी वाचकांच्या ओळखीची आहेत. मात्र या कथेतला आमच्या विषयाशी संबंधित भाग सहसा सांगितला जात नाही. १८५० च्या दशकात गिलने कुंचल्याच्या जोडीला कॅमेरा हाती घेतला. १८६४ साली जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह निघालेल्या भारतातील लेण्यांवरच्या पुस्तकात गिलची ७४ छायाचित्रे आहेत. दोन डोळ्यांनी पाहावयाची, खोलीचा भास देणारी स्टिरिओ छायाचित्रेही त्याने काढली. त्या काळी हे तंत्र अगदी ताजे होते. काचेच्या पट्ट्या, रसायने आणि अंधाऱ्या तंबूची सोय करून वाघुरेच्या दरीत उभे राहिलेल्या या माणसाने आपले यंत्र शंभर वर्षांपूर्वीच्या कोणत्या यंत्रासारखे दिसते याचा विचार केला असेल काय? हाताशी असलेल्या साधनांपैकी सर्वांत नवे साधन त्याने उचलले, कारण समोरची लेणी ढासळत होती, चित्रे झिजत होती आणि त्यांची नोंद व्हायला हवी होती.

तीच गोष्ट लाला दीनदयाळांची. सहाव्या निजामाच्या दरबारचे हे छायाचित्रकार १८८० च्या व १८९० च्या दशकांत संस्थानभर हिंडले. वेरूळ, दौलताबाद येथली त्यांची छायाचित्रे आज आपल्याला 'जुनी' आणि म्हणून देखणी वाटतात. दीनदयाळांना ती जुनी वाटत नव्हती. त्यांच्या दृष्टीने ती त्या वर्षाची, त्या दिवसाची, तेथल्या उन्हाची चित्रे होती. आपण ज्यांचे अनुकरण करतो आहोत असे म्हणतो त्यांनी अनुकरण केले नाही, एवढे जरी ध्यानात घेतले तरी या प्रकरणातली मेख कळते. जुन्या छायाचित्रांना जुनेपण काळाने दिले. ते यंत्रातून काढता येत नाही.

गंमत अशी की या कॅमेऱ्यात जे खरोखर उपयोगाचे आहे ते सारे नवे आहे. अजिंठ्याच्या चित्रित लेण्यांत फ्लॅश वापरण्यास बंदी आहे, आणि ती असलीच पाहिजे. अशा मंद उजेडात पद्मपाणीचे चित्र टिपायचे तर मोठे प्रकाशद्वार हवे, अल्प प्रकाशातही साथ देणारा संवेदक हवा आणि हाताचा कंप सावरणारी यंत्रणा हवी. सहाव्या आवृत्तीत हे तिन्ही आहे. गिलला यातले काही मिळाले असते तर त्याने कॅमेऱ्याचे रूप न पाहता तो पदरी बांधला असता. परंतु आमच्या मंडळींच्या तोंडी कंपनाची यंत्रणा क्वचित येते. चकती येते, चामडे येते, चंदेरी की काळा हा वाद येतो. कॅमेऱ्याने आपले नवेपण लाजेसारखे आत दडवावे आणि जुनेपण अंगावर मिरवावे, अशी ही मागणी आहे.

येथवरचे सारे हौसेच्या सदरात टाकून सोडून देता आले असते. खरा प्रश्न पुढेच आहे. या कॅमेऱ्याची सर्वांत लोकप्रिय सोय म्हणजे त्यातल्या 'फिल्म'च्या छटा. प्रोव्हिया, वेल्व्हिया, अ‍ॅक्रोस, रिआला, क्लासिक क्रोम अशी नावे निवडायची आणि चित्र त्या छटेत न्हाऊन निघते. यांतली 'रिआला' ही मूळची खरीखुरी फिल्म. कंपनीने ती बनवणे केव्हाच थांबवले आणि आता तिच्या नावाची छटा तेवढी विकायला ठेवली. वस्तू मरते, वस्तूचा रंग उरतो आणि रंगाला गिऱ्हाईक मिळते.

आमचे म्हणणे असे की छटा हा निव्वळ रंग नसतो; तो क्रियापदाचा काळ असतो. 'बाई टँकरपाशी उभी आहे' आणि 'बाई टँकरपाशी उभी असे' या दोन वाक्यांत जे अंतर आहे, तेच एका चित्राच्या दोन छटांत आहे. आपल्या शहराला जायकवाडीचे पाणी दिवसांच्या अंतराने मिळत आले आहे. वसाहतींच्या तोंडाशी टँकर, निळ्या टाक्या, हंडे आणि रबरी नळ्या हे दृश्य येथे कोणाला दाखवावे लागत नाही. हेच दृश्य क्लासिक क्रोममध्ये टिपा. निळे मावळते, हिरवे करपते, सावल्यांना एक गहिरी शांतता येते आणि पाहणारा म्हणतो, 'व्वा, जुन्या मासिकातला फोटो वाटतो.' नेमके येथेच अघटित घडते. आज सकाळचे दृश्य १९७२ च्या दुष्काळाशेजारी जाऊन बसते. जे घडून गेले त्याबद्दल हळहळता येते; त्याबद्दल कोणाला जाब विचारता येत नाही. रीतिभूतकाळात नगरपालिका नसते. पाण्याची बाई 'असे'मध्ये गेली की तिच्याविषयीची आपली जबाबदारीही 'असे'मध्ये जाते.

अमेरिकन समीक्षक फ्रेडरिक जेमसन यांनी १९८४ सालच्या उत्तर-आधुनिकतेवरील प्रसिद्ध निबंधात स्मरणरंजनाची चिकित्सा केली आहे. इतिहासाचे आकलन हरवले की त्याच्या जागी इतिहासाची झिलई येते, असा तिचा मथितार्थ आमच्या शब्दांत सांगता येईल. हे आम्ही वर्गांत शिकवतो, विद्यार्थी परीक्षेत लिहितात, आणि उत्तरपत्रिका देऊन बाहेर पडताच दोघेही मिळून कोणती छटा उबदार याची चर्चा करतात.

शिवाय हा भूतकाळ कोणाचा? छटांच्या यादीत 'इंदू' नाही. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची 'इंदू' ही कृष्णधवल फिल्म आपल्याकडच्या कित्येक जुन्या फोटोंच्या मुळाशी आहे. पूर्व जर्मनीची 'ऑर्वो' होती, तीही यादीत नाही. म्हणजे आपण ज्याच्या आठवणीने गहिवरतो तो रंग आपल्या घरातल्या ट्रंकेतल्या फोटोंचा देखील नव्हे. तो परक्या मासिकांतून आणि चित्रपटांतून आलेला उसना रंग आहे.

आणि ट्रंकेत फोटो असलेली घरे तरी किती? मराठवाड्यातल्या कित्येक घरांत आजीचा पहिला आणि शेवटचा फोटो म्हणजे मतदार ओळखपत्रावरचा. कित्येकांचा पहिला फोटो परीक्षेच्या अर्जावर डकवण्यासाठी काढलेला, उसना सदरा घालून. ज्यांच्या वाड्यांना कॅमेऱ्याने पाहिले त्यांचा भूतकाळ सोनेरी छटेत शोभून दिसतो; ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले गेले त्यांचा नाही. याच शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली महाविद्यालय काढले, ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. याच शहरातून गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालवले. त्या नियतकालिकाभोवती जे लेखक उभे राहिले त्यांनी भूतकाळ लिहिला तो ऊब मिळावी म्हणून नव्हे. गावगाड्याच्या रम्य चित्रावर चढलेली छटा खरवडून काढणे हेच त्यांच्या लेखनाचे एक मोठे काम होते. ज्या नगरीत हे काम झाले तेथेच साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ती छटा पुन्हा विकत घेऊन वर्तमानावर चढवावी, याला आम्ही विस्मृती म्हणतो. तिला स्मरणरंजन हे नाव शोभत नाही. स्मरण त्यात औषधालाही नसते.

हीच खोड लेखनातही शिरली आहे. साठोत्तरी अनियतकालिकांचा इतिहास आपण अभ्यासक्रमात शिकतो. भालचंद्र नेमाडे यांनी संपादित केलेले 'वाचा' घ्या, वा त्या काळातले अन्य कोणतेही. त्यांतल्या कित्येकांचा कागद हलका, छपाई ओबडधोबड, काही तर थेट सायक्लोस्टाइल केलेले. पैसे नव्हते आणि सांगायचे पुष्कळ होते, त्यातून ते रूप आले. आज संगणकावर मुद्दाम अक्षर फाटके करून, कागदाला पिवळट पार्श्वभूमी देऊन कवितांची पाने तयार होतात, आणि त्या पानांवर सांगण्याची निकड कुठे दिसत नाही. घाट हा शब्द आपल्या समीक्षेत मोठ्या अर्थाचा आहे. आशयाने स्वतःसाठी कोरून घेतलेला आकार तो घाट. आशय येण्याआधीच बाजारातून आणून ठेवलेला आकार म्हणजे साचा. रेट्रो कॅमेरा हा असा साचा आहे. त्याची वाट पाहणारे हात घाट घडवण्याचे काम पुढे ढकलत आहेत.

या प्रवृत्तीचे टोक पाहायचे तर मे २०२५ मध्ये याच कंपनीने जाहीर केलेला 'एक्स हाफ' पाहावा. त्यालाही एकच भिंग आहे. त्यात फिल्म नाही, पण फिल्म पुढे सरकवण्याची तरफ आहे. त्यात एक खास प्रकार निवडला की ठरलेल्या संख्येचा 'रोल' संपेपर्यंत काढलेले फोटो पाहता येत नाहीत. मग मोबाइलवर ते 'धुवायचे'. पूर्वी वाट पाहावी लागे, कारण रोल स्टुडिओत द्यावा लागे, स्टुडिओवाला आठवड्याने या म्हणे, आणि कधीकधी सगळा रोल काळा निघे. आता त्या वाट पाहण्याचे नाटक करण्यासाठी आपण पैसे मोजणार. ज्या समाजात रास्त गोष्टींसाठी, पाण्यासाठी, नेमणुकीसाठी, शिष्यवृत्तीच्या हप्त्यासाठी माणसांना खरोखर ताटकळावे लागते, तेथे ताटकळण्याची हौस विकत घेणे आम्हांस अभिरुचीचे लक्षण वाटत नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की छंद हा छंद असतो, त्याच्याकडून इतके ओझे का वाहून घ्यावे? मान्य. जो म्हणेल की मला ही वस्तू सुंदर वाटते आणि म्हणून मला ती हवी, त्याच्याशी आमचे भांडण नाही. सुंदर पेन हवे असणाऱ्याशीही नाही. पण ज्या मंडळींविषयी आम्ही लिहितो आहोत ती तसे म्हणत नाहीत. ती दृष्टी, स्मृती, प्रामाणिकपणा, संथपणा हे शब्द वापरतात. हे शब्द आमच्या व्यवसायाचे आहेत, आणि ते कोणी कॅमेऱ्याच्या पेटीवर चिकटवले तर हरकत घेणे आम्हांस भाग आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कोणतेही छायाचित्र तटस्थ नसते. मोबाइलही आपल्या परीने आकाश निळे आणि चेहरे गोरे करतोच. मग एकाच छटेवर राग का? खरे आहे. मोबाइलची लबाडी आम्ही नाकारीत नाही. परंतु मोबाइल वर्तमानाला चकचकीत करतो, भूतकाळात ढकलत नाही. चकचकाट खोटा आहे हे पाहणाऱ्याला चटकन उमगते. भूतकाळी छटेची लबाडी अशी की ती सखोल सत्याचा वेश घेऊन येते, आणि पाहणारा हात जोडतो.

मग करावे काय? आमचे सांगणे साधे आहे आणि त्याला कॅमेरा बदलावा लागत नाही. मलिक अंबरने १६१२ साली बांधलेला भडकल दरवाजा अजून उभा आहे. त्याच्याभोवतीची वाहतूक, तारा आणि फलक दर वर्षी बदलतात. हातात जे यंत्र असेल ते घेऊन आज तेथे जावे. तारा आणि फलक चौकटीबाहेर टाकण्याचा मोह आवरावा, कारण शंभर वर्षांनी कोणाला काही शोधायचे असेल तर ते तारा आणि फलकच असतील. छटा चढवू नये. आणि साहित्याच्या माणसाने जे काम इतरांहून बरे करायला हवे ते करावे, म्हणजे चित्राखाली ओळ लिहावी: जागा, तारीख, वेळ आणि चित्रातल्या माणसाची हरकत नसेल तर त्याचे नाव. अध्यापकांनी दृश्यनिबंधाला गुण देताना आधी ही ओळ वाचावी आणि मग चित्र पाहावे. गिलची छायाचित्रे आज अभ्यासकांना उपयोगी पडतात त्याचे एक मोठे कारण कोणती ओवरी, कोणता स्तंभ, कोणते साल हे सांगता येते, हे आहे. नुसत्या करड्या-सोनेरी छटेवर कोणाला काही अभ्यासता आले नसते.

पुढची आवृत्ती यायची तेव्हा येईल. तिचेही स्वागत होईल, रांगा लागतील, काहींना ती मिळेल. दरम्यान टँकर उद्या सकाळी येणार आहे. त्याचा फोटो काढावा आणि खाली वर्तमानकाळी क्रियापद लिहावे.